दोन किल्ल्यांचा अबोला

आमच्या शेजारचे हवालदार म्हणजे पोट पुढे, माणूस मागे. मेहुण्याशी त्यांचा वर्षानुवर्षांचा अबोला. का? तर लग्नाच्या फोटोत त्या कार्ट्याने त्यांच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं धरली होती, आणि ती दिसली फोटो मोठा करून भिंतीवर लावल्यावर! मेहुणा त्यांच्याच पोलीस ठाण्यात कारकून. काही सांगायचं असलं की हवालदार भिंतीला सांगत.

डोंगराकडे सशस्त्र बंडाळी उसळली. तिथल्या एका ठाण्यात दोघा पहारेकऱ्यांनी संगनमताने बंदुकाच पळवल्या. सरकारने हुकूम सोडला: प्रत्येक शस्त्रागाराला दोन कुलपं, आणि किल्ल्या ज्यांचं साटंलोटं होणं शक्यच नाही अशा दोघांकडे. आमच्या ठाण्याच्या साहेबांना अशी जोडी शोधावीच लागली नाही.

"तुमचं भांडण हीच आपली तटबंदी," ते म्हणाले. "गट्टी दिसली, की हवालदार, तुमची बदली थेट डोंगरातल्या चौकीवर!"

हवालदारांचे गुडघे जिना पाहूनच कुरकुरायचे. डोंगर कुठला चढणार?

पण शस्त्रागाराचं दार लोखंडी, दोघांनी खांदा लावल्याशिवाय हलेना. शेवटी हवालदार भिंतीला म्हणाले, "ढकल म्हणावं गाढवाला!"

"ढकलतोय की भाऊजी! तुमचं पोट मध्ये येतंय!"

दार धाडकन उघडलं, दोघं बंदुकांच्या पेट्यांवर आपटले आणि खो खो हसत सुटले.

तेव्हापासून ठाण्यात शिव्यांची लाखोली आणि संध्याकाळी मेहुणा मागच्या दाराने बहिणीकडे. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक. पण आम्हीही तोंडाला कुलूप लावलं.

एकदा पत्त्यांचा डाव रंगला असताना साहेब दारात उभे! हवालदारांच्या डोळ्यांपुढे डोंगर नाचू लागला.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून कडाडली, "अहो, बघत काय बसलात? हुकमाचा एक्का दडवलाय त्याने मांडीखाली!"

हवालदार साहेबांना विसरले. "ऊठ! ऊठ म्हणतो ना, लबाडा!"

"भाऊजी, मघाशी राणी कुणी ढापली?"

पत्ते उडाले, स्टूल आडवं झालं, भिंतीवरचा फोटोही खाली आला.

"वा! घरातसुद्धा?" साहेब खूश होऊन परतले. "शस्त्रागाराची काळजीच मिटली."

एक्का खरंच मांडीखाली होता, बरं का. दुसऱ्या दिवशी हवालदार दाराला खांदा लावून भिंतीला म्हणाले, "सांग त्याला, संध्याकाळी पत्ते मी पिसणार."