शिकलेली असल्याने बाद

आमच्या वर्गात आम्ही चौघीच होतो आणि चौघींना एकेक मतिमंद मूल हवं होतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण विशेष शिक्षणाच्या पदविकेला तशी अटच होती. प्रत्येकीने आपलं मूल शोधायचं, त्याची बुद्धिमापन चाचणी घ्यायची आणि अहवाल लिहायचा. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्ग पालघरात भरायचा, परीक्षा विद्यापीठाची.

मुलं काही मिळेनात. म्हणजे कुठेही विचारलं की तसं मूल नक्की असायचं, पण शेजारच्या घरात. सालवडच्या चाळीत एक कामगार म्हणाला, "मॅडम, हमारा लड़का तो ठीक है, बगलवाले का देख लो." बगलवाल्याकडे गेले तर त्याने पहिल्याचंच दार दाखवलं. माझं डोकं फिरलं. एवढी पायपीट करून हाती काय, तर दोन घरचा चहा.

शेवटी पाम गावात एक बाई भेटली, बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकणारी. तिने काही लपवलं नाही. "माजी पोर हाय तशी," म्हणाली. "तपासा खुशाल. पन माजं एक काम करा." मुलगी नऊ वर्षांची, तिचं बोलणं अर्धंमुर्धं कळायचं. मुख्याध्यापक तिला शाळेत घेत नव्हते. "ही शिकू शकते असं कुणा जाणत्याकडून लिहून आण, मग बघू," असं सांगून त्यांनी आईला वाटेला लावलं होतं. ती बिचारी तेव्हापासून जाणता माणूस शोधत होती आणि सापडलो कोण, तर आम्ही.

मूल एक आणि गरजू चार. एकाच मुलाला तीच चाचणी पुन्हा देऊ नये, असं पुस्तकात बजावलेलं होतं. आम्ही म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याने पामला येऊन दुसरं मूल शोधून दाखवावं. अहवालात खरं नाव लिहायचं नसतं, त्यामुळे एकाच मुलीच्या आम्ही कुमारी अ, ब, क आणि ड करून टाकल्या.

कुमारी अ माझी. लाकडी फळीतल्या खाचांमध्ये गोल, चौकोन, चांदणी असे तुकडे बसवायचे होते. तिने चांदणी चाटून पाहिली आणि गोल नेऊन आईच्या टोपलीत टाकला. मी नियमाप्रमाणे कोऱ्या चेहऱ्याने घड्याळ बघत बसले. "गंभीर स्वरूपाचे मंदत्व" असं लिहिलं आणि त्यांच्याच ओटीवर बसून तळलेले बोंबील खाल्ले. पुढच्या आठवड्यात कुमारी ब हिने अर्धे तुकडे बसवले, त्याच्या पुढच्या आठवड्यात कुमारी क हिने सगळे. कुमारी ड तर आंघोळ करून, केसांत अबोली माळून, चाचणीची पेटी यायच्या आधीच पाटावर बसलेली. मैत्रिणीची सूचना संपेपर्यंत फळी भरून मोकळी. कुत्र्याच्या चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं होतं, तर चित्र निघायच्या आधीच "शेपूट" म्हणाली.

आम्हाला शिकवणारे सर अहवाल वाचून खूश झाले. एका गावात इतक्या तऱ्हेची मुलं म्हणजे अभ्यासाला पर्वणीच. कुमारी ड हिला मी स्वतः तपासतो म्हणाले आणि आमची पाचावर धारण बसली.

सर आले, ओटीवर मांडी घालून बसले, पेटी उघडली. मुलीने फळी भरली. सर नुसतेच टिपण घेत बसले होते, तेव्हा त्यांना समजलं नसावं असं तिला वाटलं. तिने तुकडे पुन्हा बाहेर काढले, चांदणी सरांच्या हातात दिली आणि त्यांचा हात धरून ती खाचेत बसवून घेतली. सरांनी चष्मा काढला.

"आणि अ कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं. मी तिच्याचकडे बोट दाखवलं. ब आणि क विचारायची गरज उरली नाही.

"हिला सगळं येतंय. ही शिकून बसलीय," सर म्हणाले. "निकाल बाद."

आईला त्यातलं "बाद" तेवढं कळलं. टोपलीवरचा हात तसाच राहिला. "म्हंजे शालेत नाय घेनार तिला?"

माझा मूळचाच स्वभाव तापट. मी म्हटलं, "सर, शिकली म्हणूनच बाद ना? मग तेवढंच लिहून द्या." सर नियमाचे पक्के. त्यांनी तिथेच लिहिलं, "सदर मुलगी शिकलेली असल्याने चाचणीचा निकाल बाद," आणि खाली झोकदार सही केली. परत जाताना एसटीत त्यांनी आम्हा चौघींना प्रात्यक्षिकात नापास केल्याचं सांगितलं.

मुख्याध्यापकांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. सर म्हणतात शिकलेली आहे, मग शिकू शकत नाही असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं, असा त्यांना पेच पडला. जूनमध्ये मुलीचं नाव पहिलीत घातलं.

पावसाळा सरता सरता बोईसरच्या बाजारात ती आई दिसली. मी तोंड चुकवून जात होते, तिनेच हाक मारली. आमच्या नापासाची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. ती हसेल असं वाटलं, पण उठून जवळ आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "लाजू नको, बाय," म्हणाली. "पुन्ना बस परीक्षेला. माज्या पोरीलापन पयल्या टायमाला काय जमलं नव्हतं."