इंजिनवाल्याचे पोर्क चॉप्स

माझे सासरे तीस वर्षं परदेशी मालवाहू बोटींवर नोकरीला होते. बोटीवर ते इंजिनात असत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी लग्न होऊन अलोऱ्याहून रत्नागिरीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मलाही तेच सांगण्यात आलं. बाहेरच्या खोलीत पुरावा टांगलेला होता. एका अवाढव्य यंत्राशेजारी निळा बॉयलर सूट घालून उभे असलेले सासरे. निवृत्त होऊन घरी आल्यावर मात्र मिक्सर बिघडला तरी ते मिस्त्रीला बोलवा म्हणत. मोठी इंजिनं चालवलेल्या माणसाला लहान यंत्रांत रस नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका दुपारी त्यांचा फोन वाजला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. सासूबाई बांगडे तळत होत्या, मी सोलकढीसाठी नारळ खवत होते.

“कुक, ओळखलंस का?” पलीकडून खणखणीत आवाज आला. “तुझा कप्तान बोलतोय.”

कप्तान पुण्याचे. पुढच्या रविवारी नात्यातल्या लग्नाला रत्नागिरीत येणार होते. लग्नाचं जेवण आपल्याला नको, आपण तुझ्याकडे जेवणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. काय जेवणार तेही ठरलं होतं. पोर्क चॉप्स, ते मशरूमच्या सॉसमधले. बोट सोडल्यापासून तसे कुठे मिळाले नाहीत म्हणे. सासरे “होय साहेब” म्हणाले आणि फोन ठेवला.

सासूबाईंनी तव्यातला बांगडा उलटला, गॅस बंद केला आणि विचारलं, “कुक कोण?”

“मी.”

“कधीपासनं?”

“पहिल्यापासनं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सासूबाईंचे वडील तांडेल, स्वतःची बोट हाकणारे. मुलगी भांडी घासणाऱ्याला देणार नाही, असं त्यांनी मध्यस्थाला आधीच बजावलं होतं. तेव्हा मध्यस्थाने सासऱ्यांना न विचारताच इंजिनात बसवलं. लग्नानंतर पंधरा दिवसांत रजा संपली, त्यात हे सांगायला वेळ झाला नाही. पुढे ही पत्रात लिहायची गोष्ट वाटेना. त्यानंतर फार उशीर झाला. फोटोतला बॉयलर सूट एका मित्राचा होता. सासरे खाली इंजिनात चहा द्यायला गेले होते.

खोटं बोलल्याबद्दल सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांची तक्रार वेगळीच निघाली.

“सुट्टीवर यायचात आणि माझ्या कालवणात मीठ कमी आहे म्हणायचात. तेव्हा तुम्हाला रांधता येत होतं?”

“येत होतं,” सासरे म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर त्या सासऱ्यांशी माझ्यामार्फत बोलल्या. सासरे समोरच्या खुर्चीत बसलेले असले तरी. “त्यांना सांग, चहा झालाय.” मी सांगायचे. ते “कळलं म्हणून सांग” म्हणायचे. तेही मी सांगायचे.

मधल्या काळात डुकराचं मांस आणायचा प्रश्न होता. आमच्या घरात मासे, कुर्ल्या, कोंबडी, बकरा सगळं चालतं, डुक्कर कधी आलेलं नाही. माझ्या नवऱ्याचा मासळीचा धंदा आहे, त्याचा टेंपो गोव्याला जातो. त्याने ड्रायव्हरला म्हापशाच्या बाजारातून हाडासकट जाड काप आणायला सांगितलं. शनिवारी संध्याकाळी सुरमईच्या खोक्यातून, बर्फात पुरलेले आठ चॉप्स घरी आले. सासऱ्यांनी एकेक उचलून उजेडात धरून पाहिला. म्हणाले, “बरे आहेत.”

सासूबाईंच्या अटी माझ्याकडून पोचल्या. स्वयंपाकघरात नाही, मागच्या पडवीत. तवा नवीन, चमचे नवीन. आणि तो तवा नंतर घरात यायचा नाही. सासऱ्यांनी सगळं मान्य केलं.

रविवारी सकाळी पडवीत गॅसची शेगडी मांडली. सासूबाई मागच्या दारात पाट टाकून घेवडा मोडत बसल्या. त्यांचे चमचे कोणी उचलत नाही ना, एवढंच बघायला आल्याचं त्यांनी मला सांगितलं.

मी माझ्या सासऱ्यांना त्याआधी कधी पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेताना पाहिलं नव्हतं. त्यांनी चॉप्स फडक्याने कोरडे टिपले, मीठमिरी लावली आणि तव्यावर आधी चरबीच्या कडेवर उभे केले. चरबी सुटली तेव्हा आडवे घातले. दोन्ही बाजू तांबूस झाल्यावर काढून झाकून ठेवले. मशरूम चिरायचं काम माझ्याकडे होतं. ते त्यांनी मला दोनदा परत केलं, काप पातळ होते म्हणून. आवाज वाढवला नाही. फक्त म्हणाले, “परत.” बोटीवर त्यांच्या हाताखालच्या माणसांचं काय होत असेल ते मला कळलं.

त्याच तव्यात लोणी, कांदा, लसूण. मग मशरूम, त्यांचं पाणी आटेपर्यंत. मग चमचाभर मैदा आणि हाडं उकळून काढलेलं पाणी, आणि त्यात चॉप्स परत सोडून मऊ होईपर्यंत झाकण. त्यानंतर त्यांनी कुंडीतल्या ओव्याचं एक पान चुरडून घातलं.

“ओव्याचं पान कशाला?” सासूबाईंनी विचारलं. त्यांनाच, थेट. मी सुरी खाली ठेवली.

“तिकडं एक सुका पाला मिळतो. वास जवळपास असाच.”

“कोथिंबीर नाय?”

“नाय.”

गॅस अगदी बारीक करून त्यांनी क्रीम ओतलं आणि उकळी आली तर फाटेल, असं मला सांगितलं. दूध आपणही तापवतो, असं सासूबाई घेवड्याकडे बघत म्हणाल्या.

कप्तान काठी टेकत आले. वाळलेले, ताठ, ऐंशीच्या घरातले. त्यांनी दोन चॉप्स खाल्ले, पावाने ताटलीतला सॉस पुसून घेतला आणि मग बोलायला लागले. एकदा चार दिवस वादळ होतं. भांडी दोरीने बांधलेली, अर्धे लोक आडवे पडलेले. कोरडी बिस्किटं वाटली असती तरी कोणी काही बोललं नसतं. पण या माणसाने पट्ट्याने स्वतःला ओट्याशी बांधून घेतलं आणि चारही दिवस सगळ्यांना गरम सूप दिलं. वादळ संपलं त्या दिवशी घरून मुलगा झाल्याची तार आली, तेव्हा याने शिरा केला.

“वहिनी, तुम्हाला माहीत असेलच,” कप्तान म्हणाले.

सासूबाईंना माहीत नव्हतं. त्या पाण्याचा तांब्या हातात धरून उभ्या होत्या. त्या वेळच्या पत्रात सासऱ्यांनी ‘इकडे हवा बरी आहे’ असं लिहिलं होतं, हे सासूबाईंनी मला नंतर सांगितलं.

कप्तान गेल्यावर आम्ही जेवलो. चॉप मऊ होता, सॉस गोडसर आणि मातकट, चांगला. नवऱ्याने दोन घेतले. सासूबाई घेवडा-भात जेवल्या. जेवण झाल्यावर मी तवा उचलायला गेले तर त्या आधीच पडवीत बसून तो राखेने घासत होत्या. सासरे शेजारी उभे होते.

“त्या वादळात तुमचं काही बरंवाईट झालं असतं,” त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, “तर मी इंजिनवाल्यासाठी रडले असते.”

सासऱ्यांनी थोडा विचार केला. “होय,” म्हणाले.

“उद्याचा नाश्ता तुम्ही करा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्लेटं केली. तेव्हापासून सकाळचं खाणं त्यांच्याकडेच आहे.

पुढच्या श्रावणात सासूबाई बाजारातून रानातली अळंबी घेऊन आल्या आणि टोपली सासऱ्यांपुढे ठेवली. “ते पांढरं करा,” म्हणाल्या. “डुकराशिवाय.” त्यांनी केलं. स्वयंपाकघरात, सासूबाईंच्याच कढईत. सासूबाईंनी तांदळाच्या भाकरीशी खाल्लं. क्रीम जड पडतं म्हणाल्या आणि परत वाढून घेतलं. तेवढ्यात शेजारच्या काकू वास कसला म्हणून विचारत आल्या.

“आमच्या ह्यांनी केलंय,” सासूबाई म्हणाल्या. “बोटीवर कुक होते.”

“इंजिनात ना?”

“नाय. कुक,” सासूबाई म्हणाल्या आणि काकूंसाठी वाटी आणायला उठल्या.