काकांचे विचारवंत

जगभरच्या थोर विचारवंतांनी आजवर जे काही लिहून ठेवलं, ते केवळ माझ्या मावशीच्या यजमानांना श्रीवर्धनच्या ओटीवर बसून इतरांना ऐकवता यावं म्हणून लिहिलं, अशी माझी लहानपणापासून पक्की समजूत आहे. या काकांच्या तोंडून 'पाणी दे' इतकं साधं वाक्यसुद्धा मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना तहान लागली की आधी एखाद्या विचारवंताचा घसा कोरडा पडतो. 'एका ग्रीक विचारवंताने म्हटलं आहे,' असं ते डोळे अर्धवट मिटून सुरू करतात आणि 'ज्याला तहान कळली त्याला आयुष्य कळलं' इथवर पोचेपर्यंत मावशीने तांब्याभांडं त्यांच्यासमोर आदळलेलं असतं.

याचं मूळ हायस्कूलच्या कचेरीत आहे. काका तिथे क्लार्क होते आणि अक्षर देखणं, म्हणून व्हरांड्यातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला त्यांनी खरोखरच्या थोरांचे विचार लिहिले. पण थोरांनाही मर्यादा असतात, फळ्याला नसतात. तो रोज सकाळी पुन्हा कोरा होऊन उभाच. साठा संपल्यावर काकांनी घरचं उत्पादन सुरू केलं. मी एकदा विचारलं, "काका, नुसता देश का सांगता? नाव का नाही?" तर म्हणाले, "नाव सांगितलं की त्या माणसाचे नातेवाईक निघतात. देशाचे कोण निघणार?" पुढे काका निवृत्त झाले, फळा शाळेत राहिला आणि विचारवंत मात्र काकांबरोबर कायमचे घरी राहायला आले. त्यांच्यात खातेवाटपही झालं. जेवणखाण फ्रेंचांकडे, राग चिन्यांकडे, लग्नकार्य आणि मोठे निर्णय जर्मनांकडे. दुपारच्या झोपेची बाजू मांडणारा एक विचारवंत नुसताच 'प्राचीन' आहे. त्याला देश नाही, कारण त्याला उठून कुठे जायचंच नसतं.

मावशीचं या मंडळींशी हाडवैर. त्याची सुरुवात काका तिला बघायला आले तेव्हाच झाली. कांदेपोहे झाले, आणि माझ्या आजोबांनी विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे ना?" काका म्हणाले, "एका जर्मन विचारवंताने म्हटलं आहे, निवड करणाऱ्याने पुन्हा मागे वळून पाहू नये." बैठकीतली सगळी वडीलधारी मंडळी माजघरात जाऊन बराच वेळ खल करत बसली, की हा होकार आहे का नकार. अखेर पोह्यांची दुसरी बशी मागितली त्याअर्थी होकारच असावा, असं ठरलं. मावशी आजही तणतणते, "यांनी अजून मला हो म्हटलेलं नाही. मी त्या जर्मनाशी लग्न केलंय. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदाच, या माणसाच्या तोंडून त्याचं स्वतःचं वाक्य ऐकायचंय मला." यावर काका काहीतरी बोलायला तोंड उघडतात, आणि मावशी उठून आत जाते.

बरं, माणूस म्हणाल तर लोण्यासारखा. मी बारावीला गणितात गचकलो तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझी सालटी काढली. काका मला समुद्रावर घेऊन गेले, बर्फाचा गोळा दिला आणि तो संपल्यावर म्हणाले, "एक इटालियन विचारवंत बारावीला गणितात नापास झाल्यावर म्हणाला होता..." मी आशेने विचारलं, "काय?" "की ऑक्टोबरात सुटेन." इटलीत ऑक्टोबरची परीक्षा असते का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी सुटलो मात्र.

त्यांच्या वाडीत सुपारी उतरवायला येणारा पाडेली तर या विचारवंतांना पुरता कंटाळलेला. तो बिचारा शेंड्यावर झोके घेत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातोय आणि खालून काका मान मागे टाकून ओरडतायत, "एका स्विस विचारवंताने म्हटलं आहे, उंचीवर पोचलेल्याने खाली पाहू नये!" वरून उत्तर आलं, "काका, खाली बघलाच न्हाय तं सुपारीचा घड तुमच्याच डोक्यात बसंल! त्या स्विसला घेऊन जरा बाजूला व्हा!" काका बाजूला झाले. शेजारी स्विसलाही उभं राहता यावं, इतकी जागा सोडून झाले.

काकांच्या मुलीचं लग्न उरणला झालं. जावयाचे दोन ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर वाहतात. जावईबुवांनी प्रेमाने विचारलं, "बाबा, गाडीच्या मागे लिहायला काहीतरी द्या ना." काकांना आकाश ठेंगणं झालं. आज त्यांच्या एका ट्रेलरच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे: 'थांबतो त्यालाच पुढचा रस्ता दिसतो – एक डॅनिश विचारवंत.' बंदराच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागते, तेव्हा मागच्या ड्रायव्हरला दुसरं वाचायला काही नसतं. एकदा त्यातला एक उतरून पुढे आला आणि आमच्या जावयालाच म्हणाला, "ओ शेठ, हा डॅनिश कोण हाय? त्याला बोला ना भाय, आता रस्ता दिसला असंल तर गाडी पुढे घे!"

मुलीचं बाळंतपण आलं. तिला सासू नाही, आणि डॉक्टर उरणचीच, म्हणून मावशीने तिकडे जायचं ठरलं. काकांना निघता येईना. खळ्यात सुपारी वाळत पडलेली. मी उरणलाच राहतो, तेव्हा मावशीला घेऊन जायला मीच गेलो. लग्नानंतर ती इतके दिवस घर सोडून कधी राहिली नव्हती. एसटीच्या खिडकीत बसून ती काकांकडे बघत राहिली. मला कळत होतं ती कशाची वाट बघतेय. काकांनी खिडकीची दांडी धरली, घसा साफ केला आणि म्हणाले, "एका पोर्तुगीज विचारवंताने म्हटलं आहे, प्रवास हा..." मावशीने खिडकीची काच ओढून घेतली.

मग सुरू झाले फोन. नात झाली होती, मावशीचे हात कायम डिंकाच्या लाडवांत नाहीतर तान्हीच्या तेलात, त्यामुळे फोन स्पीकरवर, आणि काकांचे विचारवंत सगळ्या घराला ऐकू येणार. पहिले काही दिवस स्वावलंबनावर प्रवचनं झाली. पण पुढे एक चमत्कार घडला. विचारवंत प्रश्न विचारू लागले.

"अगं, एका रशियन विचारवंताने म्हटलं आहे, की आमटीत मीठ चवीपुरतं घालावं. म्हणजे साधारण किती?"

"आमसूल घातलंय का त्या रशियनाने? मग कमी घाला म्हणावं. आणि गॅस बारीक करा, जळल्याचा वास इथवर येतोय!"

दुसऱ्या दिवशी एका स्पॅनिश विचारवंताला कुकरची शिटी का होत नाही ते जाणून घ्यायचं होतं. एका तुर्की विचारवंताची विळी सापडत नव्हती. आम्ही हसून हसून लोळायचो. मावशी मात्र हसत नव्हती. आधी चिडून उत्तरं द्यायची. मग हळूहळू फोनची वेळ झाली की हात धुऊन बसायला लागली. "आज कुठला येतोय बघू," म्हणायची आणि पदराने फोन पुसायची.

एका रविवारी मी तिथेच होतो. फोन वाजला. काकांनी 'एका' म्हटलं आणि थांबले. आम्ही देशाची वाट बघत होतो. पलीकडे नुसती खळ्यात कोंबड्या हाकलल्याची हुशहुश ऐकू येत होती.

"अहो, ऐकू येतंय का?" मावशी म्हणाली. "एका काय?"

"करमत नाही," काका म्हणाले.

मावसबहिणीने माझ्याकडे पाहिलं. मावशीने लाडू परातीत परत ठेवला.

"कुणी म्हटलंय?"

"कुणी नाही गं. मीच म्हणतोय."

इतकी वर्षं जे मागत होती ते हातात आल्यावर मावशीने त्याचं काय करावं? कान लाल झाले बिचारीचे. तिने स्पीकर बंद करायला म्हणून कुठलीतरी कळ दाबली, तो बंद झालाच नाही, आणि आमच्याकडे पाठ करून ती फोनला अगदी हळू म्हणाली, "एका... एका थोर विचारवंत बाईने म्हटलंय, की तिलाही करमत नाही."

पुढच्या आठवड्यात मी तिला श्रीवर्धनला सोडून आलो. स्टँडवर काका उभे होते. त्यांनी मावशीच्या हातातली पिशवी घेतली, म्हणाले, "एका फ्रेंच विचारवंताने म्हटलं आहे, पाहुण्याने आणलेले लाडू..." आणि मावशी त्यांच्या बरोबरीने ऐकत ऐकत चालू लागली. 'करमत नाही' हे वाक्य काका पुन्हा कधी बोलले नाहीत. मी मावशीला छेडलं, तर म्हणाली, "एकदाच ऐकायचं होतं रे. ऐकलं."

उरणला माझ्या खोलीत मी एकटाच असतो. संध्याकाळी कुणाला तरी फोन लावावासा वाटतो, तोंडाशी तेच दोन शब्द येतात आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवून देतो. काकांकडून एखादा जर्मन मागून आणायला हवा होता, असं तेव्हा फार वाटतं.