अपॉइंटमेंटसाठी एक दाबा

शहरातल्या सदर भागात डोळ्यांच्या एका दवाखान्यात फोनची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. फोन लावल्यावर जी बाई ‘अपॉइंटमेंटसाठी एक दाबा’ म्हणते, तिचा मजकूर मीच लिहिला. बाहेरगावचे पेशंट बटणच दाबत नाहीत आणि फोन आपोआप कटतो, अशी तक्रार सारखी यायची. लोकांना नीट ऐकायचंच नसतं, असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगायचो.

मग गावी, उमरेडला, आईचा मोतीबिंदू पिकला. तांदळातले खडे दिसेनात, दारात आलेली शेजारीण आवाजावरून ओळखायची पाळी आली. मी नंबर लावून देतो म्हटलं तर भडकली. ‘वशिला नको. लोकं लावते तसा मीच लावीन.’ लावत राहिली, पण तारीख काही मिळेना.

एका रविवारी घरी गेलो आणि तिला माझ्यासमोर फोन लावायला सांगितलं. माझी बाई सुरू झाली. आई पदर सावरून ऐकत बसली.

‘दाब ना एक!’

‘थांब गा. बाई बोलून राहिली ना. मधात कशी तोडू तिले?’

बाईने चष्म्याच्या दुकानाच्या बटणापर्यंत सगळं सांगून संपवलं. मग आई म्हणाली, ‘ऐकलं वं माय. जेवण झालं काय तुहं? मले डोळा दाखवाचा होता...’

‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. धन्यवाद.’ फोन कट.

‘पाह्य, दरखेपी असंच करते,’ आई म्हणाली. ‘मलेच बोलता येत नसंन.’

मला हसू येत होतं, ते थांबलं. माझ्या आईला माझ्याच मजकुराने असं वाटायला लावलं, याचा भयंकर राग आला.

सोमवारी मजकूर निम्मा कापला. कोणी काहीच दाबलं नाही तर फोन सरळ काउंटरवर वाजेल, असं करून घेतलं. काउंटरवरच्या मुलींचं काम वाढेल म्हणून साहेब कुरकुरले. वाढू द्या म्हटलं.

त्याच आठवड्यात आईने पुन्हा फोन लावला. संध्याकाळी मी फोन करून विचारलं तर आवाजच वेगळा.

‘भेटली तारीख! मी काहीच दाबलं नाही, तरी पोरगी आली फोनवर. जेवली होती म्हणे.’

‘छान झालं.’

‘हो. आता तुह्या फोनाचंही तसंच करून दे ना गा. तिथं बाई व्यस्त आहे म्हणते, अन् मंग कोणीच येत नाही.’