नोलुसापो गोठणीत गेली

नोलुसापोच्या चुलीपासून सासऱ्यांची गोठण, गुरांचा कुंपणाचा वाडा, हाकेच्या अंतरावर. पण लग्न होऊन डोंगरावरच्या या घरात आल्यापासून तिचं पाऊल तिथं पडलं नव्हतं. पहिल्याच दिवशी, घोंगडी पांघरून मान खाली घालून उभ्या असलेल्या नव्या सुनेला सासूने बजावलं होतं, "ते अंगण पुरुषांचं. गोठणीत आपले गेलेले वाडवडील असतात. तू झोपड्यांच्या मागून जायचं." नाव नवं, घर नवं आणि वाटही आडवळणाची! ती निमूट मागून जाऊ लागली. पुढे सासू गेली. नवरा म्पेंडुलो खाणीत कामाला लागला, तो नाताळातच उगवायचा. केसांत पांढरं आलं, तरी वाट तीच.

सासऱ्यांशी बोलणंही बेताचंच. त्यांचं नाव तिने कधी ओठांवर आणलं नाही, 'ताता' म्हणजे बाबा, एवढीच हाक; त्यांच्यासमोर उघड्या डोक्याने गेली नाही. मात्र जमीन सारवायचा दिवस आला की म्हातारा शेणाची बादली गोठणीच्या तोंडाशी आणून ठेवायचा, खाकरायचा आणि निघून जायचा. त्या खाकरण्यात केवढी माया होती, हे तिला ठाऊक होतं.

त्या सकाळी गावातले पुरुष टेकडीपलीकडे मयताला गेले होते. गुडघा दुखतो म्हणून म्हातारा तेवढा मागे राहिला. नोलुसापो मक्याची लापशी ढवळत होती, तोच गोठणीतून धप्प आवाज आला आणि गाय हंबरली. दारातून पाहिलं, तर कुंपणाच्या फटीतून म्हाताऱ्याचे बूट दिसत होते, आडवे.

ती जीव तोडून धावली. आणि धावली कुठून? झोपड्यांच्या मागून! समोर अंगण मोकळं पडलेलं, माणूस मरणाच्या दारात, आणि हिचे पाय रीत पाळताहेत. अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिने स्वतःलाच एक शिवी हासडली.

तिला धावताना पाहून शेजारची मादलोमो आली. तीही या गावची सूनच.

"अगं ए, वेड लागलं का तुला? आत जाऊ नकोस!"

"ताता पडलेत."

"दिसतंय मला. पुरुषांना बोलावून आणू. येतील ते."

"कधी येतील? मयताचं जेवण उरकून?"

"वाडवडील कोपले तर लेकराबाळांवर येईल, बाई."

"त्यांचंच लेकरू पडलंय आत. कोपायचं तर कोपू देत. तू जा, पुरुषांना सांग जा."

मादलोमो टेकडीकडे पळाली. नोलुसापोने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला, गोठणीच्या तोंडाचे आडवे दांडे काढून टाकले आणि आत शिरली. पायाखालचं शेण मऊ, कोमट होतं. गुरांनी माना वर केल्या. आभाळ काही कोसळलं नाही.

तिने म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांना तिने पहिल्यांदाच हात लावला. त्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, पण शुद्ध होती. त्याने तिला ओळखलं. आता हाकलणार, असं तिला वाटलं.

"दांडे लाव, पोरी," तो अडखळत म्हणाला. "गुरं मक्यात शिरतील."

त्यात राग नव्हता. घरच्या मुलाला सांगावं तसं त्याने सांगितलं होतं. नोलुसापोचे डोळे भरून आले. सासऱ्यांचा शब्द तिने आजवर खाली पडू दिला नव्हता. पण त्याची बोटं तिच्या मनगटाभोवती आवळली होती आणि श्वास तुटत चालला होता.

"लावते हं, ताता," ती म्हणाली, आणि उठली नाही.

एकेक गाय त्यांच्याजवळून बाहेर पडली. शेवटचं वासरूही गेलं. थोड्या वेळाने मनगटावरची बोटं सैल झाली.

पुरुष परतले तेव्हा मका पार तुडवला गेला होता. चुलत सासरा मखुझेनी धापा टाकत गोठणीच्या तोंडाशी आला.

"सून गोठणीत? आणि दांडे कोणी उघडे टाकले? वर्षाचं पीक गेलं!"

"मी टाकले," नोलुसापो म्हणाली. "लावायला उठले असते, तर ताता एकटे गेले असते."

मखुझेनीने टोपी काढली. मग आत आला आणि तिच्या शेजारी शेणातच बसला.