विहिरीवरचा चेहरा

हॅस्कॉट गावच्या विहिरीपुढे उभ्या राहणाऱ्या फळीवर, पाकळ्यांच्या चित्रातला मधला चेहरा कोण करणार, हा प्रश्न गावात कित्येक वर्षं कुणाला पडलाच नव्हता. तो एनिड बॅगशॉच करायची. नवी सून म्हणून ती आली तेव्हा सासूने तिला शेजारी बसवून शिकवलं, आणि सासूचे हात थरथरू लागले तशी ती जागा आपसूक तिच्याकडे आली. एरवी ती पोस्टाच्या खिडकीमागे तिकिटं विकणारी साधी बाई, नवरा चुनखडीच्या खाणीत. पण जूनमधल्या त्या आठवड्यात आर्नल्ड फर्नच्या गोठ्यात फळ्यांवर मीठ कालवलेली ओली माती थापली गेली की लोक तिला वाट करून देत.

पूर्वी एका कोरड्या वर्षी सगळ्या डार्बीशर परगण्यातले झरे आटले, पण ही विहीर आटली नाही, असं म्हणतात. तेव्हापासून गाव दर उन्हाळ्यात तिच्यापुढे पाकळ्यांचं चित्र उभं करतं. लोक खरं तर आपण केलेला चेहराच बघायला येतात, असं एनिडला मनातून वाटायचं.

त्या वर्षी चित्र काढलं फिलिपाने, नव्या हेडमास्तरांच्या बायकोने. कोकरू कुशीत घेतलेली मेंढपाळीण. विहीर सजवणाऱ्या कमिटीच्या म्हाताऱ्या आर्नल्ड फर्नने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "एनिड, चेहरा यंदा फिलिपाला करू दे. चित्र तिचंच आहे. तू कुरण घे. हिरवं तुझ्याइतकं कुणाला जमतं?"

"हिरवं तुझ्या गाईंनाही जमेल, आर्नल्ड," एनिड म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही.

हेही तिने गिळलं असतं. पण तिची लेक लिनेट, नुकती अठराची, पाकळ्या निवडणं सोडून सरळ फिलिपाशेजारी जाऊन बसली.

"इथे माझ्याजवळ जागा नाही का गं?"

"तू कधी चेहऱ्याला हात लावू दिलास, आई? त्या म्हणतात, गाल तूच कर."

मग घरीही लिनेटचं तेच. फिलिपा म्हणतात, मी चित्रकला शिकावी. फिलिपा चहात साखर घालत नाहीत. एनिडने किटली आदळली. "तिच्याकडेच राहायला जा ना. उशी विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी चित्रातल्या कुरणात शेवाळ दाबताना एनिडने मान वळवली आणि तिचा हात थांबला. फिलिपाने चेहरा कपाळापासून लावायला घेतला होता. पाकळ्या खालून वर लावायच्या, छपराच्या कौलांसारख्या. वरची पाकळी खालचीवर आली तरच पाऊस ओघळून जातो. हे जुन्या सगळ्यांना ठाऊक, पण बाकीच्या बायका पाठमोऱ्या होत्या आणि आर्नल्डच्या डोळ्यांत मोतीबिंदू. एनिडने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात फिलिपाने लिनेटच्या डोळ्यांवरची बट हलकेच मागे सारली, आणि पोरगी तिच्याकडे बघून अशी हसली, जशी घरात कधीच हसली नव्हती.

एनिडने तोंड मिटलं. काम आर्नल्डने दिलंय, आर्नल्डनेच सांगावं.

शनिवारी फळ्या विहिरीपुढे उभ्या राहिल्या, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, बँड वाजला. "असा चेहरा कधी झाला नव्हता," असं तीन-चारजण तिच्या कानाशीच बोलले. रविवारी पहाटे पाऊस आला. लोक जमले तेव्हा मेंढपाळणीचे गाल पाण्याच्या दगडी कुंडात तरंगत होते.

"चूक माझी आहे," फिलिपा म्हणाली.

"गाल मी केले होते," म्हणत लिनेट रडायला लागली.

एनिडला राहवलं नाही. तिने लेकीला जवळ ओढलं. "तुझं काही चुकलं नाही गं. कपाळापासून सुरुवात केली की पाणी आत शिरणारच."

लिनेटचं रडणं थांबलं. "कपाळापासून केली, हे तुला कसं कळलं?"

एनिडने कुंडातली एक पाकळी उचलली.

"तू बघत होतीस."

"मला वाटलं, आर्नल्ड सांगेल."

"त्यांना स्वतःचे बूट सापडत नाहीत, आई."

आर्नल्डने घसा खाकरला. "एनिड, आता तूच बस बाई. दुपारी बाहेरगावचे लोक येतील."

एवढंच तर तिला हवं होतं. ती फळीपुढे बसली, ओली माती सारखी केली आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "ये, बस. शिकवते."

"आधी त्यांना शिकव. मी पाकळ्या धरते."

फिलिपा ओल्या गवतात गुडघे टेकून बसलीसुद्धा. "खरंच शिकवाल? मी पहिल्याच दिवशी विचारणार होते, पण तुमची भीती वाटली."

एनिडने तिची बोटं धरून पहिली पाकळी हनुवटीवर टेकवली, मग दुसरी तिच्यावर. लिनेट दोघींच्या मागे पाकळ्यांचं ताट धरून उभी होती. ताट किंचित फिलिपाच्या बाजूला होतं. एनिडला दरवेळी हात थोडा जास्त लांब करावा लागत होता.