वाइड स्क्रीनचं बुटकं भोक

थेटरचा ऑपरेटर लिहितोय म्हणजे हिरॉइनची काहीतरी आतली गोष्ट निघणार, असं वाटलं असेल. तसलं काही नाही. ही गोष्ट पत्र्याच्या भोकाची आहे.

एकाहत्तर-बाहत्तर साल. नगरजवळ भिंगारच्या थेटरात मी मशीनवर होतो. फिल्मच्या पुढं चौकोनी भोकाची एक पट्टी असते. भोकातून जेवढा उजेड जाईल तेवढंच चित्र पडद्यावर. मोठ्या थेटरात खऱ्या रुंद पिक्चरला वेगळी लेन्स लागायची. ती महाग. आमचे शेठ म्हणाले, "भोक बुटकं कर. चित्र आपोआप रुंद दिसंल." मी बुटक्या भोकाची नवी पट्टी घासून केली. बाहेर बोर्ड लागला, 'वाइड स्क्रीन'.

पिक्चर मराठी, साध्या चौकोनी चित्राचा. त्यामुळं वरचं-खालचं कापलं जाणार हे मला दिसत होतं. त्यात मॅटिनीला पुण्याच्या डिस्ट्रिब्यूटरचा माणूस आला. त्याला पसंत पडलं तर नव्या प्रिंटा आधी आम्हाला. नाहीतर नगरची थेटरं दमली की उरलेल्या. शेठ जिन्यात गाठून म्हणाले, "बाळ्या, आज चुकलास तर गावी मिरजगावला जाऊन शेरडं वळ."

पहिल्याच रिळात हिरो उभा राहिला, बिनडोक्याचा. खालून आवाज आला, "मुंडकं कुठंय रं?" मी फ्रेमिंगचा नॉब फिरवला, चित्र खाली सरकलं, डोकं आलं. मग तेच काम. एक हात नॉबवर, दुसरा उजेडाच्या कार्बन कांड्यांवर. शर्ट पाठीला चिकटला.

मग पडद्यावर हिरॉइनचं पत्र आलं. शेवटची ओळ कापलेली. नॉब फिरवायला गेलो तर जाम झालेला. शिट्ट्या सुरू. ओळ वाचल्याशिवाय पुढचं कळणार नव्हतं.

केबिनमध्ये अनाउन्समेंटचा माइक होता. नकला मी शाळेपासून करायचो. बाईच्या आवाजात शेवटची ओळ अंदाजानं ठोकली, "थांबा, मी येतेय."

शिट्ट्या थांबल्या. मला वाटलं, वाचलो.

पुढच्या सीनला हिरो ओक्साबोक्शी रडायला लागला. ती येणार नाही, असं लिहिलं होतं म्हणे. पब्लिक लोळून हसलं. मी तो पिक्चर जुन्या पट्टीवर आठ वेळा चालवला होता, बघितला एकदाही नव्हता. ऑपरेटर कार्बन बघतो.

पुण्याचा माणूस इंटरव्हलला चहा न घेता गेला. प्रिंटा नगरलाच राहिल्या. शेठ वर आले, पट्टी उपसायला लावली. नोकरीवरून काढलं नाही, पण असे बोलले की खाली पानवाल्यानं ऐकलं.

"म्या तुला भोक कापाय सांगितलं हुतं. ष्टोरी न्हाई."